ही चाल कुणाची?

गेल्या नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एक गीत चालू असताना पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी पुस्तक मिटलं आणि गीत संपेपर्यंत ते गप्प उभे राहिले. कीबोर्डवर मी होते, त्यामुळे मला ते समोरच दिसत होते. गीत जुनं, अभंगाच्या घाटातलं, सगळ्या मंडळीला तोंडपाठ. चाल मात्र आमच्या तरुण संघानं नवी बसवली होती. उपासना संपल्यावर आजोबा माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "पोरी, देवाच्या घरात सिनेमाची गाणी म्हणायला आम्ही येत नाही." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या कानाची चूक नव्हती. आमच्या चालीचा दुसरा भाग एका गाजलेल्या चित्रपटगीताशी इतका जुळत होता की सरावाच्या वेळी कुणीतरी त्याचेच शब्द घुसडायचा आणि आम्ही हसायचो.

संध्याकाळी आजीला सांगितलं, तर तिसरंच निघालं. "तुमची न्हवं आणि त्यांची पण न्हवं," आजी म्हणाली. "खरी चाल आमच्या मिरजेत म्हणायचे ती." आणि मेथी निवडता निवडता तिनं ती म्हणून दाखवली. एकच गीत, चाली तीन, आणि प्रत्येकाला खात्री की आपलीच खरी. सुट्टीभर मी या एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते.

सुरुवात छंदापासून करायला हवी. मोठ्या अभंगात अक्षरं मोजलेली असतात: सहा, सहा, सहा, चार. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, गाताना अक्षर हवं तसं लांबवता येतं. म्हणजे एका अभंगाची चाल दुसऱ्या कुठल्याही अभंगाला चालते. भजनी मंडळात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, तो ते रोज करतो. गंमत अशी की इंग्रजी गीतांचंही हेच आहे. तिथला सगळ्यात रुळलेला साचा आठ, सहा, आठ, सहा अक्षरांचा. त्या मापाचे शब्द कुठल्याही त्या मापाच्या चालीत बसतात, म्हणून जुन्या गीतपुस्तकांत शब्द आणि चाली वेगवेगळ्या असत आणि चालींना स्वतःची नावं असत. 'अमेझिंग ग्रेस' हे जॉन न्यूटनचं गीत छापलं गेलं १७७९ मध्ये. आज आपण ज्या चालीत ते म्हणतो ती त्याला जोडली गेली १८३५ मध्ये, अमेरिकेत. मधली पन्नासहून अधिक वर्षं लोक ते इतर चालींत गात होते. त्या चालीचा मूळ कर्ता कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. जी आपल्याला त्या गीताचा आत्मा वाटते, ती चाल त्याला उशिरा लाभलेली आहे.

आपल्याकडे मिशनरी आले ते शब्दांचं भाषांतर करून आणि चाल तशीच ठेवून. तिथं घोटाळा झाला. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर जोर येतो आणि चाल त्या जोरावर चालते. मराठीला तसा जोर नाही. मग 'कृपा' चं 'कृऽऽपा' होतं आणि 'प्रभू' मधला 'प्र' दोन मात्रा ओढला जातो. लहानपणी मला वाटायचं की चर्चमध्ये असंच बोलायचं असतं. नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) हे खटकलं नसतं तरच नवल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगरला राहून त्यांनी जी गीतं लिहिली त्यांत अभंग आहेत, भजनं आहेत, मराठी कानाला घरचे वाटणारे घाट आहेत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि मंडळीला गाण्यासाठी त्यांनी तोच पूल वापरला. 'उपासना संगीत' उघडलं की त्यांचं नाव किती वेळा येतं ते पाहा. त्यांच्याही तीनशे वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' (१६१६) ओवीतच रचलं होतं.

पण घाट मराठी झाला तरी चाल कागदावर आली नाही. पुस्तकात शब्द असतात, स्वर नसतात. चाल राहते ती कानात. आजी सांगते की तिच्या लहानपणी निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुढचा माणूस एक ओळ देई आणि मंडळी ती उचले. अशा गाण्यात काय होतं? कुणाचा श्वास लवकर संपतो, तिथं थांबा तयार होतो. उंच स्वर झेपत नाही, तिथं चाल खाली वळते. म्हातारी माणसं ओढतात, बाकीचे त्यांच्यासाठी थांबतात, आणि थांबलेल्या जागी गळ्यातून हरकती निघू लागतात. वीस-तीस वर्षांत मिरजेची चाल एक आणि बेळगावची दुसरी. हे आपल्याच अडाणीपणामुळे झालं असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये १७२० च्या दशकात नेमकं यावरून रण माजलं होतं. तिथंही ओळ देऊन गात, तिथंही चाली गावागणिक बदलल्या होत्या. पाळक मंडळी म्हणू लागली, स्वरलेखन शिका आणि एकसारखं गा. जुने लोक म्हणाले, आमच्या बापजाद्यांची गाण्याची रीत हीच. दोन्ही बाजू आपापल्या परीनं खऱ्याच होत्या.

आता त्या आजोबांच्या 'खऱ्या' चालीकडे येते. आमच्या घरी माळ्यावर एक जुनं गीतपुस्तक आहे, पुढची पानं गेलेलं. त्यात हे गीत सापडलं. वर बारीक टायपात 'चाल' असं छापलेलं आणि पुढे एका जुन्या संगीत नाटकातल्या पदाचे पहिले दोन शब्द. मी ते दोनदा वाचलं. पद शृंगाराचं आहे!

यात आश्चर्य वाटण्याचं कारण मला नंतर उरलं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं आणि 'सौभद्र' १८८२ चं. अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांवरही अशीच 'चाल' छापलेली असे, कारण त्यांनी लावणी, साकी, दिंडी, कीर्तनातली पदं, कानडी गाणी, सगळीकडून चाली घेतल्या होत्या. नाटकं गाजली आणि चाली घरोघरी गेल्या. मग गीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसानं मंडळीला पटकन गाता यावं म्हणून सगळ्यांना येणारी चाल उचलली, तर त्यात काय वावगं? आजोबांच्या चालीचं गोत्र नाटकाचं निघालं.

युरोपातलं एक उदाहरण तर याहून पुढचं आहे. हान्स लिओ हास्लर नावाच्या जर्मन संगीतकारानं १६०१ मध्ये एक प्रेमगीत छापलं. एका मुलीमुळे आपलं चित्त थाऱ्यावर नाही, असा विषय. चाल ठेक्यात डोलणारी. १६१३ मध्ये तीच चाल मरणाच्या वेळच्या गीताला लागली. पुढे पाउल गेरहार्टनं काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताच्या मस्तकावर जे गीत लिहिलं, ते याच चालीत बसलं, आणि बाखनं 'सेंट मॅथ्यू पॅशन' मध्ये ही चाल पुन्हा पुन्हा आणली. पण मधल्या काळात तिचा डोलणारा ठेका गेला होता. स्वर बहुतेक तेच, पण सगळे सारख्या लांबीचे, संथ. गुड फ्रायडेला ती ऐकताना आज कुणाच्या मनात ती मुलगी येत नाही.

मार्टिन लूथरबद्दल मात्र एक गैरसमज पसरलेला आहे की त्यानं दारूच्या गुत्त्यातल्या चाली सरसकट चर्चमध्ये आणल्या. तसं नाही. त्यानं बहुतेक चाली जुन्या चर्चसंगीतातून घेतल्या किंवा नव्या केल्या. आपल्या एका नाताळगीताला त्यानं आधी लोकगीताची चाल लावली होती, ते १५३५ मध्ये छापलंही गेलं. पण १५३९ मध्ये ते नव्या चालीत आलं, आणि ती बहुधा त्याचीच. म्हणजे उसनी चाल लावून पाहिली आणि मग बदलली.

राहिला सिनेमा. दोन चाली सारख्या वाटल्या की एकीनं दुसरीची नक्कल केली असं आपण धरून चालतो. दर वेळी तसं नसतं. 'अमेझिंग ग्रेस' हार्मोनिअमवर वाजवा, पाचच स्वर लागतात: सा रे ग प ध. भूप रागाचेच. पाच स्वरांत हजार गाणी झाल्यावर काही एकमेकांसारखी निघणारच. आणि दुसरं कारण आपल्या शेजारचं आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. तिथली माणसं मुंबईला गेली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चच्या गायकवृंद चालवणाऱ्याचे पुत्र, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या त्या गाण्यात येणारं नाव त्यांचंच. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करत. म्हणजे सिनेमाचं गाणं चर्चसारखं वाटण्यालाही कारण आहे, फक्त ते आपण उलट्या बाजूनं पाहतो.

एवढं सगळं हाताशी आल्यावर मी आजोबांकडे गेले. मनात होतं, त्यांना हरवायचं. पुस्तक पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोन शब्द वाचले, बराच वेळ पान तसंच धरून बसले. मग म्हणाले, "हे पद मी कधी ऐकलेलं नाही. तू ऐकलंयस?" मीही ऐकलं नव्हतं. "मग आपल्या दोघांना ती गीताचीच चाल की. तुमची चाल वाजली तेव्हा मला मात्र शब्द आठवले त्या सिनेमाचे. म्हणून मिटलं पुस्तक."

यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण सरावाला आम्ही हसत होतो ते याच कारणानं. आम्ही ती चाल बाजूला ठेवली. 'सिनेमाची म्हणून' असं कारण मी कुणाला सांगत नाही. आमच्याच तोंडात तिचे जुने शब्द अजून जिवंत आहेत, म्हणून. आणखी पन्नास वर्षांनी कुणी ती घेतली तर मी पुस्तक मिटणार नाही, असं वाटतं तरी.

सध्या आजीची चाल फोनवर रेकॉर्ड करून स्वरलिपीत उतरवण्याचं काम चाललं आहे. गुड फ्रायडेला तीच म्हणायची असं ठरलं. अडचण एवढीच की जानेवारीतल्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या चरणाच्या शेवटी आजी धैवतावर थांबते आणि फेब्रुवारीतल्या रेकॉर्डिंगमध्ये पंचमावर. विचारलं तर म्हणते, "तसंच की गं, सारखंच म्हणालेय." आजोबा म्हणतात पंचमच बरोबर. मी दोन्ही लिहून ठेवलेत, आणि येत्या रविवारी तिला तिसऱ्यांदा म्हणायला लावणार आहे.