हायबरनेटचे मुखत्यार: लेझी लोडिंगविषयी काही रूढ गैरसमज

जावा भाषेत व्यावसायिक प्रणाली लिहिणाऱ्या मंडळींत, गॅविन किंग यांनी २००१ साली आरंभ केलेल्या हायबरनेट या, ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबले जोडणाऱ्या लायब्ररीचा प्रसार इतका झाला आहे की, डेटाबेसशी होणारा व्यवहार प्रत्यक्षात कोण करतो, केव्हा करतो आणि किती वेळा करतो, याची चौकशी करण्याचे प्रयोजनच पुष्कळांना उरलेले नाही. परिणामी लेझी लोडिंग, म्हणजे संबंधित नोंद मागणी होईपर्यंत न आणण्याची पद्धत, हिच्याविषयी अशा कित्येक समजुती रूढ झाल्या आहेत की तपासणीअंती त्यांतील फारच थोड्या टिकाव धरतात.

ग्रंथालयाच्या प्रणालीत ‘पुस्तक’ आणि ‘प्रकाशक’ असे दोन क्लास असून पुस्तकाच्या टेबलात प्रकाशकाचा क्रमांक साठवलेला आहे, असे धरून चालू. पुस्तकाची नोंद वाचताना हायबरनेटला हा क्रमांक आयताच मिळतो; संबंध लेझी असल्यास प्रकाशकाची नोंद न वाचता ते त्या जागी एक प्रॉक्सी ठेवते. हा प्रॉक्सी म्हणजे प्रकाशक या क्लासचा, कार्यक्रम चालू असतानाच निर्माण केलेला सबक्लास. तो घडविण्याचे काम पूर्वी सीजीलिब, नंतर जावासिस्ट आणि हल्ली बाइट बडी ही लायब्ररी करते. मुखत्यारपत्र घेऊन कचेरीत हजर झालेल्या इसमाप्रमाणे त्याला मूळ धन्याचा क्रमांक तेवढा ठाऊक असतो. नाव, पत्ता किंवा अन्य काही विचारले की तो आपल्या सेशनमार्फत डेटाबेसकडे क्वेरी धाडतो, खरा ऑब्जेक्ट आणवितो आणि विचारलेला प्रश्न त्याच्याकडे सोपवितो. नुसता क्रमांकच विचारला, तर हल्लीच्या आवृत्त्यांत क्वेरीची गरज पडत नाही. ही कल्पना हायबरनेटची स्वतःची नव्हे. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात ‘व्हर्च्युअल प्रॉक्सी’ वर्णिलेला आहे, आणि मार्टिन फाउलर यांनी २००२ साली लेझी लोडच्या चार प्रकारांत त्याचा समावेश केला.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की, एकदा माहिती आली म्हणजे प्रॉक्सीचेच रूपांतर खऱ्या ऑब्जेक्टमध्ये होते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रॉक्सी अखेरपर्यंत प्रॉक्सीच राहतो. खरा ऑब्जेक्ट त्याच्या पोटात स्वतंत्रपणे नांदतो, आणि प्रॉक्सीची स्वतःची फील्ड्स रिकामीच राहतात. म्हणूनच दोन प्रकाशकांची तुलना करणाऱ्या इक्वल्स मेथडमध्ये समोरच्या ऑब्जेक्टचे फील्ड गेटरविना थेट वाचले, तर माहिती येऊन गेलेली असूनही हाती नल पडतो, आणि एकाच प्रकाशकाचे दोन ऑब्जेक्ट भिन्न ठरतात. क्लास विचारल्यास उत्तर प्रकाशक असे न येता त्या निर्मित सबक्लासचे येते. याहून विचित्र प्रसंग वारसाहक्काच्या रचनेत उद्भवतो: ‘शासकीय प्रकाशक’ हा प्रकाशकाचा सबक्लास असेल आणि प्रत्यक्ष नोंद त्याच जातीची असेल, तरीही प्रॉक्सी घडविला गेला तो मूळ प्रकाशक क्लासपासून, त्यामुळे इन्स्टन्सऑफची तपासणी नकारार्थी उत्तर देते. नोंद वाचण्यापूर्वी तिची जात कळण्यास मार्ग नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे यात हायबरनेटचा दोष दिसत नाही; हायबरनेट.अनप्रॉक्सी ही मेथड अशाच वेळी खरा ऑब्जेक्ट बाहेर काढून देते. फायनल क्लासपासून सबक्लास निघू शकत नाही, म्हणून त्याचा असा प्रॉक्सीही घडत नाही. कोटलिनमध्ये क्लास मुळातच फायनल असल्याने तेथे ही अडचण अनेकांना अनपेक्षितपणे भेटते.

‘लेझी म्हणजे वेगवान’ ही दुसरी समजूत. शंभर लेखकांची यादी एका क्वेरीने आणून प्रत्येकाच्या पुस्तकांची संख्या छापू लागल्यास, पहिल्या एका क्वेरीपाठोपाठ आणखी शंभर क्वेरी जातात. यालाच ‘एन प्लस वन’ म्हणतात. प्रकाशकासारख्या एकेरी संबंधात एका सेशनमध्ये तोच प्रकाशक पुन्हा आणला जात नाही, म्हणून तेथे संख्या भिन्न प्रकाशकांइतकीच राहते. पण तेवढ्याने समाधान मानणे धाडसाचे होय. लेझी लोडिंग खर्च वाचवितेच असे नाही. ते तो पुढे ढकलते, आणि न वापरलेल्या माहितीपुरताच तो खरोखर वाचतो.

यावर उतारा म्हणून संबंध ईगर, म्हणजे मागणीची वाट न पाहता लगेच आणला जाणारा, केला की सर्व काही एकाच जॉइनने येईल, हा तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारा गैरसमज. प्रायमरी कीने एकच नोंद मागितली असता हायबरनेट बहुधा जॉइन करते खरे. परंतु जेपीक्यूएल या क्वेरी-भाषेत क्वेरी लिहिली की प्रथम ती लिहिल्याबरहुकूम चालते, आणि ईगर संबंधांची पूर्तता मागाहून स्वतंत्र क्वेरींनी होते. एन प्लस वन तसाच राहतो, आणि ज्यांना प्रकाशक नकोच होता त्यांच्या माथीही तो मारला जातो. शिवाय २००६ साली आलेल्या जेपीए या जावा मानकाच्या नियमानुसार ईगर हा बंधनकारक हुकूम असून लेझी ही केवळ सूचना आहे. मेनी-टू-वन आणि वन-टू-वन हे संबंध, काहीच न लिहिल्यास, ईगर मानले जातात. हायबरनेटच्या तिसऱ्या आवृत्तीने आपल्या स्वतःच्या मॅपिंगमध्ये नेमके उलट धोरण स्वीकारले होते, हे पाहता जेपीएचा हा निर्णय दुर्दैवी म्हणावा लागतो.

सेशन बंद झाल्यावर प्रॉक्सीला स्पर्श केला असता येणाऱ्या लेझी-इनिशिअलायझेशन-एक्सेप्शनला पुष्कळजण हायबरनेटमधील बिघाड समजतात. तो बिघाड नव्हे. क्वेरी धाडण्याचा मार्गच बंद झाल्याची ती कबुली आहे. ती टाळण्यासाठी वेब विनंती संपेपर्यंत सेशन उघडे ठेवण्याची ओपन-इन-व्ह्यू ही व्यवस्था स्प्रिंग बूटमध्ये सुरुवातीपासून चालू असते, आणि कार्यक्रम सुरू होताना तिच्याविषयी इशाराही छापला जातो. तो कोणी वाचतो असे मात्र दिसत नाही. या व्यवस्थेने एक्सेप्शन नाहीसे होते, क्वेरी नाहीशा होत नाहीत. त्या पान किंवा जेसन तयार होण्याच्या अवस्थेत, कोणाचे लक्ष नसताना, चालत राहतात. इतरांनी याबाबतीत अधिक सावधगिरी दाखविली आहे: एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये असे प्रॉक्सी २.१ आवृत्तीपासून उपलब्ध असले तरी मागितल्याखेरीज मिळत नाहीत, आणि रेल्सच्या ६.१ आवृत्तीत तर लेझी लोडिंगला मनाईच करण्याची सोय आहे.

तात्पर्य काढण्याऐवजी कामाची रीत सांगतो. मॅपिंगमध्ये प्रत्येक एकेरी संबंध स्पष्टपणे लेझी लिहावा, आणि कोणत्या कामाला काय लागते हे त्या त्या क्वेरीतच जॉइन फेचने किंवा जेपीए २.१ मधील एंटिटी ग्राफने सांगावे. जेथे कलेक्शनवर जॉइन फेच करून पृष्ठवार निकाल हवा असेल तेथे मात्र थांबावे, कारण तेथे हायबरनेट सामान्यतः सर्व ओळी मेमरीत आणून मग पृष्ठ कापते. तेथे बॅच फेच (अनेक नोंदींची कलेक्शन्स एका क्वेरीत गटाने आणणे) बरा. आणि कोणाच्याही सांगण्यावर, माझ्यासुद्धा, विश्वास न ठेवता हायबरनेटचे स्टॅटिस्टिक्स चालू करून प्रत्येक चाचणीत किती क्वेरी गेल्या ते मोजावे.