ट्रंपेटचा कस लागतो पिस्टनपाशी

ट्रंपेट घेताना नजर आधी जाते ती झळाळीवर, आणि वाद्याविषयी सगळ्यात कमी सांगते तीच. पॉलिश कसल्याही पितळेवर चढतं. खरा कस लागतो तो तीन पिस्टनपाशी.

१८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. त्याआधी साध्या ट्रंपेटवर मोजकेच नैसर्गिक स्वर निघत. व्हॉल्व्हमुळे, म्हणजे आजच्या ट्रंपेटवर या पिस्टनमुळे, वाजवता वाजवता नळीची लांबी बदलता येऊ लागली. मधला पिस्टन दाबला की हवेच्या वाटेत सुमारे ६ टक्के भर पडते आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो.

पिस्टन आणि त्याभोवतीचं नळकांडं यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. तेलाचा पातळ थर ती भरून काढतो. फट वाढली की हवा झिरपते आणि सूर पोकळ होतो. फारच कमी असली की पिस्टन अडकतो. याची परीक्षा दुकानातच होते. पिस्टन न दाबता मधल्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, हळूहळू ओढावी, काही सेकंद थांबावं, मग झटक्यात काढावी. ‘फट्’ असा आवाज आला तर आत पोकळी टिकली होती, म्हणजे स्लाइड आणि पिस्टन दोन्ही हवा धरतात. मात्र आधी पिस्टन पुसून नेहमीचं पातळ तेल घालायला सांगावं. घट्ट तेलाखाली झिजलेला पिस्टनही काही काळ खपून जातो.

स्लाइड निघालेलीच आहे, तर पिस्टन पूर्ण दाबून ती बसते त्या नळीत डोकावावं. पिस्टनचं भोक नळीशी तंतोतंत जुळायला हवं. चंद्रकोरीसारखी कड जरी दिसली तरी फेल्टची चकती दबलेली असण्याचा संभव आहे. हवेच्या वाटेत तिथे पायरी तयार होते आणि स्वर चटकन बोलत नाही. दुरुस्ती स्वस्त असते. नवी चकती बसवली की बहुधा काम भागतं.

उरते ती बोटांची परीक्षा. संगीतकार सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रंपेट वाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट आठवा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेला चार स्वर म्हणजे सेकंदाला ८ स्वर. एवढ्या अवधीत पिस्टनला सुमारे दीड सेंटिमीटर खाली जायचं असतं. म्हणून पिस्टन मुद्दाम तिरका, कडेवर बोट ठेवून, अगदी सावकाश दाबून पाहावा. जोरात दाबलं तर वाईट पिस्टनही पळतो. खरखर जाणवते ती सावकाशीतच. नवशिक्याला असं खरखरीत वाद्य दिलं, तर तो दोष आपल्याच बोटांना देत बसतो आणि काही महिन्यांत ट्रंपेट सोडून देतो.