तळ्यातली रोवणी

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी पडवीत, आणि माणसं नारळीपौर्णिमेची वाट बघत बसलेली. नागपूरला शिकायला आलेल्या मालवणच्या एका मुलीला हेच माहीत. त्यामुळे वसतिगृहातली मैत्रीण जुलैअखेरीस म्हणाली, "शनिवार-रविवार घरी चल, तळ्यावर काम निघालं आहे," तेव्हा तिला पहिली शंका हीच आली की भर पावसात कसली मासेमारी? मैत्रीण साकोली तालुक्यातल्या ढिवर, म्हणजे मासेमार, घरातली. तिने खुलासा केला नाही. जुने कपडे घे, एवढंच सांगितलं.

नागपूरहून साकोली शंभरेक किलोमीटर. भंडाऱ्याजवळ कारध्याच्या पुलावरून एसटीने वैनगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्या सुरू होतात. या दिवसांत त्यांत पऱ्हे रोवणाऱ्या बायकांच्या ओळी वाकलेल्या दिसतात. तळी मात्र रस्त्यावरून दिसत नाहीत. दिसते ती मातीची लांब पाळ आणि तिच्यावरची झाडं. पाणी पलीकडे लपलेलं असतं. भंडारा जिल्ह्यात पाऊस वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. तो अडवायची अक्कल इथे फार जुनी आहे.

तळं पाहून पाहुणी जरा हिरमुसली. तिला निळं, मोकळं पाणी अपेक्षित होतं. समोर होतं ते काठापासून आत पसरलेलं गवत, पाण्यावर तरंगणारी गोल पानं, मधूनच एखादं पांढरं फूल. "हे साफ कधी करणार?" तिने विचारलं. मैत्रिणीच्या आईला हसू आवरेना. पाठीवरचं पोतं खाली टाकत काकू म्हणाल्या, "साफ नाई करत बाई, हेच तं लावाले आलो."

पोत्यात मासे नव्हते, जाळंही नव्हतं. दुसऱ्या तळ्यातून मुळासकट उपटून आणलेल्या ओल्या वनस्पती होत्या.

या कामाची सुरुवात मेमध्येच होते. उन्हाळ्यात तळं आटलं की उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग ट्रॅक्टरने नांगरायचा. सगळा नाही, काठाकडचा, पाणी उथळ राहतं तेवढाच. त्याच वेळी बेशरम खणून काढायची. गुलाबी फुलांची ही झुडपं दिसायला बरी, पण तळ्यात एकदा शिरली की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाहीत. तोडून भागत नाही, कारण पडलेला तुकडाही पुन्हा फुटतो. मुळासकट उपटून बाहेर नेऊन वाळवावी लागते. पहिले पाऊस होऊन नांगरलेल्या भागावर फूट-दीड फूट पाणी चढलं की लावणीची वेळ आली. उशीर केला तर पाणी छातीपर्यंत येतं आणि मुळं तळात खोचता येत नाहीत.

तीन प्रकारची झाडं तीन जागी जातात. गाद आणि देवधान काठाशी. त्यांची पाती पाण्याबाहेर उभी राहतात. त्याच्या आत चौरा, ज्याची मुळं तळात आणि पानं वर तरंगती. आणखी आत चिला, पूर्ण पाण्याखाली वाढणारा. पहिल्या दोन प्रकारांना भाताच्या रोपासारखं अंगठ्याने चिखलात दाबायचं. चिल्याचं तंत्र वेगळं. तो हलका, ठेवला तिथे राहत नाही. म्हणून त्याची जुडी करून मुळाशी चिकणमातीचा गोळा लिंपायचा आणि गोळा हवा तिथे टाकायचा. माती जड, ती तळाशी बसते. जुडी उभी राहते.

पाच-सहा बायका एका ओळीत, हातभर अंतर ठेवून, मागे मागे सरकत होत्या. पाहुणीला टोकाला जागा मिळाली आणि ताबडतोब एक सूचना: "पाय घासतच चाल, उचलू नोको." चिखलात शिंगूर असतो आणि त्याच्या कल्ल्यांमागच्या काट्यांत विष असतं. पायाखाली आला तर हातभर सूज आणि रात्रभर ठणका. घासत येणाऱ्या पायाची चाहूल लागली तर तो स्वतःच सरकतो. मालवणच्या मुलीला हे निराळं शिकवावं लागलं नाही. वाळूत दडलेल्या पाकटासाठी तिकडेही उथळ पाण्यात असंच चालतात. त्या दोन दिवसांत तिला आधीपासून येणारं तंत्र बहुधा हेच एक.

एवढा खटाटोप कशासाठी? मासे कुठे अंडी घालतात, हे पाहिलं की उत्तर मिळतं. मरळ गवतात जागा करून तिथे अंडी सोडते आणि पिल्लं जरा मोठी होईपर्यंत जोडी पहारा देते. तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका पाण्यावर येतो आणि खाली आईबाप घिरट्या घालत असतात. दाडक, शिंगूर, वाघूर यांनाही आडोसा लागतो. चिल्याच्या पानांवर शेवाळ आणि बारीक किडे वाढतात. तेच पिल्लांचं अन्न. उघड्या पाण्यात पिल्लू टिकत नाही, एकतर मोठा मासा खातो नाहीतर बगळा. यातले बरेच मासे हवेतूनही श्वास घेतात, म्हणून उन्हाळ्यात तळं डबक्याएवढं उरलं तरी चिखलात तग धरतात आणि पुढल्या पावसात पुन्हा वाढतात. त्यांचं बीज विकत आणावं लागत नाही.

रोहू, कटला आणि मृगळ यांचं तसं नाही. ते नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तो दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या शोधाने देशाला भरपूर मासे मिळाले, यात वाद नाही. पण त्यानंतर तळ्यातली मासेमारी म्हणजे बीज सोडा आणि मोठं झालं की ओढा, असं समीकरण पक्कं झालं. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बीज येतं. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवतात आणि आतलं-बाहेरचं तापमान सारखं झालं की तोंड सोडतात. हे काम अर्ध्या दिवसात उरकतं आणि कागदावर मोजता येतं. लावणी मोजता येत नाही. वर कित्येक तळ्यांत गवत्या मासा सोडला गेला. त्याचं खाणंच पाणवनस्पती. मरळीचं घर त्याच्या पोटात गेलं.

ही तळी मुळात माशांसाठी बांधलेली नाहीत. गोंड राजवटीत, अडीच-तीनशे वर्षांपूर्वी आणि त्याआधीही, कोहळी समाजाने ती धान आणि उसासाठी बांधली. जुन्या, म्हणजे गोंदियासह असलेल्या भंडारा जिल्ह्यात कोहळ्यांनी बांधलेल्या लहानमोठ्या तळ्यांचा आकडा दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने ४३,३८१ असा दिला आहे. एका तळ्याचं जादा पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खाली, अशी रचना. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, संपली आणि तळी सरकारकडे आली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आज सरकारी कागदांत ती 'मामा तलाव' आहेत, म्हणजे माजी मालगुजारी. पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क आणि माशांचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे, अशी वाटणी आहे. धानाला पाणी सुटलं की तळं उतरतं आणि मासेमाराने बघत बसायचं.

रात्री पाहुणी आली म्हणून चिन्नोरचा भात होता. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सोबत बारक्या माशांचा रस्सा. कोकणातही पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडतात, शेतातून वर चढणारे, अंड्यांनी भरलेले. इथेही ते चढतात. काकांच्या, म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांच्या, संस्थेने मात्र ठरवलं आहे की पाणी तळ्यात शिरतं त्या तोंडाशी कोणी जाळं लावायचं नाही. गाबोळीवर जीव टाकणाऱ्या कोणालाही हे गळी उतरवणं सोपं नाही, आणि गावातही सगळ्यांना ते उतरलेलं नाही.

रविवारी डोंग्यातून फेरी झाली तेव्हा काकांनी हिशेब सांगितला. खरी मासेमारी हिवाळ्यानंतर, पाणी उतरल्यावर. पकडणाऱ्याला किलोमागे मजुरी, उरलेलं संस्थेकडे. त्यातून ठेका, बीज आणि राखण. पाहुणीने रापणीचं सांगितलं, की तिकडे जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला. मग मैत्रिणीने मध्येच विचारलं, "आणि लावणीचा वाटा कोणाचा?" कोणी काही बोललं नाही. लावणी करतात बायका, बाजारात टोपली घेऊन बसतात बायका. संस्थांचे सभासद बहुतेक पुरुष.

लावणीचा हा मार्ग कोणा कार्यालयाने शोधलेला नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांकडूनच कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते ते समजून घेतलं. अर्जुनी मोरगावचे पतीराम तुमसरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्यांत लावणी करून पाहिली, आणि नाहीसे होत चाललेले स्थानिक मासे परतू लागले. निमगावच्या शालू कोल्हे यांनी बायकांचे गट त्यात उतरवले. ही दोन्ही ठिकाणं आज गोंदिया जिल्ह्यात येतात. १ मे १९९९ पूर्वी ती भंडाऱ्यातच होती.

तळ्यांसाठी सध्या पैसा येतो तो मुख्यतः गाळ काढायला. गाळ काढावाच, पाणी जास्त मावेल. पण यंत्र काठापर्यंत सरळ खोल खणत गेलं तर लावणीला लागणारं फूट-दीड फूट पाणी कुठेच उरत नाही. म्हणून पुनरुज्जीवनाचा आराखडा करणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. काठाचा उतार जसा आहे तसा राखावा आणि कोणता भाग सोडायचा ते मे महिन्यात, यंत्र उतरण्याआधी, त्या तळ्यावरच्या ढिवर बायकांना विचारावं.