साथीची वार्ता आणि कायद्याचे संरक्षण

सार्वजनिक आरोग्याचा कायदा म्हटला की सामान्यतः सक्तीचे अधिकार डोळ्यांपुढे येतात : घरांची तपासणी, रुग्णाचे विलगीकरण, बंदरावरील क्वारंटीन, दूषित वस्तूंचा नाश. हे अधिकार त्या कायद्याचे एक अंग होय, यात शंका नाही. परंतु यांपैकी प्रत्येक उपायाला एक पूर्वअट असते. रोग कोठे उद्भवला आणि कोणास झाला, हे प्रथम कळले पाहिजे. ते सर्वांआधी ठाऊक असते ते रुग्णास, त्याच्या कुटुंबास व त्याच्या डॉक्टरास. आणि राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात, ज्या देशात साथ उद्भवली त्या देशाच्या शासनास. या वार्तेचा लाभ इतरांना होतो, तिची किंमत मात्र सांगणाऱ्याला मोजावी लागते. कुटुंबाला ताटातूट, बहिष्कार आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. राष्ट्राला व्यापाराची हानी. म्हणून कायद्याने शासनाला किती अधिकार दिले एवढ्यावरून त्याची योग्यता ठरविता येत नाही. खरे सांगणाऱ्याचे त्याने कितपत रक्षण केले, हेही पाहावे लागते. ही कसोटी राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही क्षेत्रांना सारखीच लागू पडते, असे भारताच्या अनुभवावरून दिसून येईल.

१. १८९७ चा अधिनियम

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रंथिक सन्निपाताचे, रोगी मूळचे गोव्याचे असलेले डॉ. आकासिओ व्हिएगस यांच्या निदर्शनास आले. पालिकेने १८८८ च्या कायद्याखालील अधिकार वापरून रुग्णांना रुग्णालयात हलविण्यास आरंभ केला. त्याचा परिणाम उलटा झाला. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला, आणि सक्तीच्या व रोगाच्या भीतीने हजारो लोक शहर सोडून जाऊ लागले. या पार्श्वभूमीवर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला.

हा अधिनियम मुळात अवघ्या चार कलमांचा होता. पहिले कलम नावाचे. दुसऱ्या कलमाने, प्रचलित कायदे अपुरे आहेत असे वाटल्यास, शासनाला साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुभा दिली. तिसऱ्याने अवज्ञेसाठी भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाची शिक्षा ठरविली. चौथ्याने सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावण्यास प्रतिबंध केला. ‘धोकादायक साथरोग’ कशास म्हणावे, याची व्याख्या त्यात नाही. उपाय किती काळ चालावेत, याला मर्यादा नाही. निर्णयाची कारणे देण्याचे अथवा रुग्णावर उपचार करण्याचे बंधन नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण तो ‘असल्यास’ या शब्दासह. म्हणजे ती द्यावी की न द्यावी, हे शासनाच्या इच्छेवर सोडलेले आहे.

अशा कायद्याची अंमलबजावणी कोणते रूप घेते, हे पुण्याने त्याच वर्षी पाहिले. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरतपासणीसाठी लष्कराचे सैनिक नेमले. २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या हल्ल्याचा व त्यानंतरच्या खटल्यांचा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे. आरोग्यदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. ती अशी की, रोगी लपविणे हाच कुटुंबापुढील समंजस मार्ग होऊन बसला. रोग कळविल्यास माणूस रुग्णालयात जाई, घरातील सामान जाळले जाई आणि नातलगांना छावणीत राहावे लागे. न कळविल्यास निदान काही दिवस तरी यांतून सुटका होई.

याला शास्त्रीय बाजूही होती. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये दाखवून दिले, आणि त्यास निर्णायक पुष्टी मुंबईत १९०५ पासून झालेल्या संशोधनाने मिळाली. तात्पर्य, ज्या काळी माणसांची धरपकड चालली होती त्या काळी ग्रंथिक प्लेगचा मुख्य वाहक मोकळा होता. विज्ञान अपुरे असणे हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु उपायांची कारणे देण्याचे व त्यांचा वेळोवेळी फेरविचार करण्याचे बंधन शासनावर असते, तर चूक लवकर ध्यानात येण्यास वाव राहिला असता. तसे बंधन नसल्यामुळे ती दुरुस्ती लोकक्षोभाच्या वाटेने झाली, आणि पुढील काही वर्षांत शासनाने सक्तीचा आग्रह बराच सैल केला.

२. स्वतंत्र भारतातील दोन मार्ग

संविधानाने सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत, बंदरावरील क्वारंटीन संघसूचीत आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या रोगप्रसाराचा प्रतिबंध समवर्ती सूचीत घातला. ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले. तथापि १८९७ ची पद्धती लगेच मागे पडली नाही. एचआयव्हीचा संसर्ग भारतात आढळल्यानंतर गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीला विलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली. तिच्या आधारे १९८९ मध्ये एका तरुण रक्तदात्याला ६४ दिवस एकांतात ठेवण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा अधिकार वैध ठरविला. एचआयव्ही सहवासाने पसरत नाही. म्हणून अशा विलगीकरणाने इतरांचे रक्षण होत नव्हते. उलट, चाचणीस गेल्यास बंदिवास वाट्याला येईल, एवढाच बोध त्यातून लोकांनी घ्यावा, अशी स्थिती होती.

यानंतर जवळजवळ तीन दशकांनी संमत झालेला २०१७ चा एचआयव्ही व एड्स अधिनियम (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) अगदी विरुद्ध टोकापासून आरंभ करतो. चाचणी व उपचार यांसाठी माहितीपूर्ण संमती हवी. बाधित असल्याची गोष्ट त्या व्यक्तीच्या संमतीवाचून उघड करता येऊ नये. नोकरी, शिक्षण, उपचार व निवास यांत भेदभाव करता येऊ नये. हा कायदा मऊ आहे असे नव्हे. त्याची कठोरता रुग्णावर न रोखता, रुग्णाला वाळीत टाकणाऱ्यावर रोखलेली आहे. रोगप्रतिबंध आणि व्यक्तीचे हक्क यांत विरोध गृहीत धरण्याची जुनी सवय त्याने सोडली.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत मात्र राज्यांनी १८९७ च्या अधिनियमाचाच आधार घेतला आणि केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी तीन महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद केली. ती आवश्यकच होती. परंतु रुग्णाच्या हक्कांविषयी अधिनियम पूर्ववत् मौन राहिला. अनेक ठिकाणी बाधितांच्या दारांवर सूचनाफलक चिकटविण्यात आले. सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली विशेष आदेश दिल्यावाचून असे फलक लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाला ९ डिसेंबर २०२० रोजी सांगावे लागले. लसीकरणाविषयीच्या २ मे २०२२ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी घातलेले निर्बंध प्रमाणशीर असले पाहिजेत, हेही स्पष्ट केले. भारतीय विधी आयोगाने २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे नमूद करून त्यात व्यापक दुरुस्ती अथवा नवा कायदा करण्याची शिफारस केली.

३. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार

कुटुंबाच्या ठिकाणी राष्ट्र कल्पिले, तर आंतरराष्ट्रीय आरोग्य कायद्याचा इतिहास हा याच प्रश्नाचा विस्तार असल्याचे दिसते. १८५१ मध्ये पॅरिस येथे बारा राज्यांची पहिली आरोग्य परिषद भरली, ती परस्परांच्या क्वारंटीनमुळे व्यापाराची होणारी कुचंबणा कमी करण्याच्या हेतूने. मुंबईच्या प्लेगनंतर १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे भरलेल्या परिषदेत, सुएझमार्गे व हजयात्रेमार्गे साथ युरोपात येईल ही चिंता प्रमुख होती. मुंबईतील सक्तीमागे परदेशी बंदरे भारतीय जहाजांना बंद होण्याची भीतीही उभी होती. अर्थात, जागतिक व्यापाराचा दाब स्थानिक कायद्याच्या द्वारे सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचला.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. तिच्या घटनेच्या २१ व्या व २२ व्या अनुच्छेदांनुसार, संघटनेने केलेले नियम, जे सदस्यराष्ट्र मुदतीत नकार कळविणार नाही त्यावर आपोआप बंधनकारक होतात. १९५१ चे नियम १९६९ मध्ये ‘आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम’ या नावाने सुधारण्यात आले. परंतु त्यांची व्याप्ती मोजक्या नामांकित रोगांपुरती होती. १९८१ पासून तर पटकी, प्लेग व पीतज्वर हे तीनच रोग त्यांत उरले.

या व्यवस्थेची दुर्बलता १९९४ मध्ये भारताने अनुभवली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचे आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे वृत्त आले. जागतिक आरोग्य संघटनेने व्यापारबंदीची शिफारस केली नसतानाही अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबविली व भारतीय मालावर निर्बंध घातले. रोगवार्ता देण्याची किंमत किती असते, हे अन्य राष्ट्रांनी यावरून ओळखले असल्यास नवल नाही. २००२–०३ मध्ये सार्सच्या साथीची माहिती चीनकडून जगाला विलंबाने मिळाली, तेव्हा नियमांची फेररचना अटळ ठरली.

२००५ मध्ये स्वीकृत व १५ जून २००७ पासून अमलात आलेल्या नियमांनी रोगांची यादी सोडून चार प्रश्नांची कसोटी घातली : घटनेचा आरोग्यावरील परिणाम गंभीर आहे काय, ती असाधारण अथवा अनपेक्षित आहे काय, आंतरराष्ट्रीय प्रसाराचा धोका आहे काय, आणि व्यापार-प्रवासावर निर्बंध येण्याचा संभव आहे काय. यांपैकी दोहोंचे उत्तर होकारार्थी आल्यास, मूल्यमापनानंतर २४ तासांच्या आत संघटनेस कळविणे बंधनकारक झाले. संघटनेस शासनेतर मार्गांनी आलेल्या वृत्तांची दखल घेण्याचीही मुभा मिळाली. त्यामुळे लपविण्याचा लाभ घटला. दुसऱ्या बाजूस ४३ व्या अनुच्छेदाने, शिफारशीपलीकडे जाऊन वाहतुकीत मोठा अडथळा आणणाऱ्या राष्ट्राने त्याचे शास्त्रीय समर्थन द्यावे, असे ठरविले.

या दोन बंधनांपैकी पहिले पाळले जाते, दुसरे पुष्कळदा कागदावर राहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिका यांनी कोविडच्या ओमिक्रॉन प्रकाराची माहिती तत्परतेने दिली. त्यानंतर काही दिवसांतच अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशातील राष्ट्रांशी विमानवाहतूक बंद केली. समर्थन न देणाऱ्या राष्ट्रास दंड करण्याची तरतूद नियमांत नाही. रोगजंतूंच्या नमुन्यांबाबतही असेच घडले. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्डफ्लूचे नमुने देण्याचे थांबविले, कारण त्यांपासून होणारी लस तिच्या नागरिकांना परवडेल याची हमी नव्हती. १ जून २०२४ रोजी संमत झालेल्या दुरुस्त्यांत अर्थसाहाय्याची यंत्रणा आणि औषधांच्या न्याय्य उपलब्धतेचे तत्त्व अंतर्भूत झाले. आणि २० मे २०२५ रोजी महासाथविषयक करार स्वीकारण्यात आला. मात्र नमुने व त्यांचे लाभ यांच्या वाटपाचे परिशिष्ट तेव्हा पुढील वाटाघाटींवर सोपविण्यात आले. वादाचा गाभा तोच होता.

४. निष्कर्ष

सक्ती सर्वथा त्याज्य आहे, असे यावरून म्हणता येणार नाही. फुप्फुसाचा प्लेग श्वासावाटे पसरतो. तेथे विलगीकरणाला पर्याय नाही. विलग केलेल्या माणसाचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. त्यास उपचार, अन्न, बुडालेली मजुरी, गुप्तता आणि तक्रारीची वाट मिळते की नाही, यावर पुढचा रोगी आपण होऊन पुढे येईल की नाही, हे अवलंबून राहते. क्षयरोगाच्या बाबतीत भारताने २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद कळविणे बंधनकारक केले, आणि २०१८ पासून रुग्णास पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ करून २०२४ मध्ये ही रक्कम १००० रुपये केली. रक्कम अल्प असली, तरी कळविण्याच्या कर्तव्याला साहाय्याच्या हमीची जोड देण्याचे तत्त्व येथे मान्य झाले आहे.

सारांश, साथरोगाच्या कायद्यात अधिकाराबरोबर अधिकाराची मर्यादा, निर्णयाबरोबर त्याचे कारण आणि बंधनाबरोबर भरपाई असली पाहिजे. १८९७ च्या अधिनियमात केवळ अधिकार होता. २००५ च्या नियमांत कळविण्याचे बंधन आले, पण कळविणाऱ्याची भरपाई राहून गेली. भारतात नव्या कायद्याचा मसुदा जेव्हा तयार होईल, तेव्हा त्यात सांगणाऱ्याच्या रक्षणाचे कलम आहे किंवा नाही, हे अभ्यासकांनी प्रथम पाहावे.