धाराशिवच्या अंगणातील सिल्व्हर ओक
वनस्पतिशास्त्रात ज्याला ओक म्हणतात, तो क्वेर्कस या प्रजातीचा, म्हणजे परस्परांशी निकटचे नाते असलेल्या शेकडो जातींच्या गटाचा वृक्ष असून भारतात त्याचे माहेर हिमालयात आहे; तेथील बांज हा बाराशे मीटरच्या वरच्या थंड, ओलसर उतारांवर वाढतो. दख्खनच्या पठारावर यांपैकी एकही जाती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. ओकचे टोपीदार फळ वाळले की त्याची उगवणशक्ती जाते, त्यामुळे दूरवरून आणलेले बी बहुधा रुजतच नाही, आणि रुजलेच तरी चाळिशी ओलांडणारा धाराशिवचा उन्हाळा त्या रोपाला सोसणे कठीण. आपल्याकडच्या रोपवाटिकांत मिळणारा ‘सिल्व्हर ओक’ हा त्यामुळे निराळाच वृक्ष आहे.

त्याचे शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या उद्यानविद्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या चार्ल्स ग्रेव्हिल यांच्यावरून ते पडले. मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा हा वृक्ष दक्षिण भारतात कॉफी आणि चहाच्या मळ्यांना सावली देण्यासाठी आला. कोडगू, चिक्कमगळूरू भागांत त्याच्या सरळसोट खोडावर मिरीचे वेलही चढवतात. नेच्यासारखी चिरलेली पाने वरून हिरवी व खालून रुपेरी असतात, म्हणून वारा आला की सारे झाड रंग पालटते. उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारे नारिंगी-सोनेरी तुरे एका बाजूने दात असलेल्या ब्रशसारखे दिसतात आणि त्यांतील मधासाठी पक्षी गर्दी करतात.

बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यात वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. मात्र सिल्व्हर ओकचे यशापयश येथे पावसापेक्षा जमिनीवर अधिक ठरते. मुरमाड, निचऱ्याच्या उतारावर हे झाड चांगले येते. मांजरा आणि तेरणा खोऱ्यांतील खोल काळ्या जमिनीत मात्र पावसाळ्यात पाणी साचून मुळे गुदमरतात आणि उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा तीच मुळे तोडतात. शिवाय ही जमीन चुनखडीयुक्त असली तर झाडाला लोह मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि ही खूण दिसू लागली की पाणी वाढवणे हा उपाय नव्हे.

खताची गोष्ट याहून विचित्र आहे. सिल्व्हर ओकच्या कुळातील बहुतेक झाडांना गुच्छमुळे असतात, म्हणजे बारीक मुळांचे दाट झुबके, जे आम्ले स्रवून जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. ऑस्ट्रेलियातील निकस जमिनींत टिकून राहण्यासाठी विकसित झालेली ही सोय आहे. त्यामुळे शेतात उरलेले, स्फुरदाने भरलेले डीएपी सढळ हाताने आळ्यात टाकणे, जे आपल्याकडे सर्रास होते, ते या झाडाला खत नसून त्रास ठरू शकते. खड्डा भरताना कुजलेले शेणखत व मुरूम-मिश्रित पोयटा पुरेसा होतो.

लागवड मृगाच्या पावसानंतर, जमीन ओलावली की करावी. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा, रोपाला काठीचा आधार द्यावा, आणि पहिले दोन उन्हाळे आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करून पाणी द्यावे. पुढे झाड कोरड निभावते. घरापासून किमान पंचवीस-तीस फूट अंतर मात्र सोडलेच पाहिजे, कारण याचे लाकूड ठिसूळ असून चैत्र-वैशाखात वळवाच्या वादळात फांद्या मोडतात, आणि विजेच्या तारांखाली हे झाड म्हणजे आपणहून ओढवलेले संकट. फुले-पाने हाताळल्यावर काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून छाटणी करताना अंग झाकलेले बरे. पूर्ण वाढलेल्या झाडाखाली त्याचीच रोपे तग धरत नाहीत, तेव्हा पडलेल्या पंखधारी बियांतून आपोआप राई तयार होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

एकूण, धाराशिव शहराच्या टेकडीवर किंवा येडशीच्या मुरमाड उतारावर मोकळे अंगण असेल तर सिल्व्हर ओक जरूर लावावा. कळंबकडच्या काळ्या जमिनीत घर असणाऱ्यांनी मात्र त्याचा हट्ट सोडून बहावा लावावा. तो इथलाच आहे, ऐन उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी फुलतो आणि कठीण कवचाचे त्याचे बी थोडे घासून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरले की घरच्या घरी रोप तयार होते.