दाखवा ना, दादा!

भाजीवाल्याकडची कोथिंबिरीची जुडी आपण उलटीपालटी करून बघतो. सोनाराला हॉलमार्क विचारतो. साडीचा काठ दुकानाबाहेर उजेडात नेऊन पारखतो. आणि गॅरेजमध्ये? तिथे मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोकं घालून ‘ताई, काम मोठं आहे’ एवढं म्हटलं की आपलं तोंड बंद! त्या तेलकट पसाऱ्यातलं आपल्याला काही कळणार नाही, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. शिवाय मनात पाल चुकचुकत असते ती वेगळीच. बाई बघून आकडा तर फुगवला नसेल?

गेल्या पावसाळ्यात ही पाल माझ्याही मनात चुकचुकली. दर पंधरा दिवसांनी मी आईला चिपळूणहून कराडला दवाखान्यात नेते. वाटेत कुंभार्ली घाट. चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा सरसर लाल रेघेकडे जाताना दिसला. लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेटखालून वाफ येत होती. (अशा वेळी रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका. उकळतं पाणी उसळून तोंडाहाताला भाजतं.) आईला एसटीत बसवलं आणि टोचन लावून गाडी गावातल्या गॅरेजमध्ये आणली.

मिस्त्रीने गाडी सुरू करून बघितली. इंजिन थडथडत होतं. “हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागणार,” असं म्हणून त्याने कागदावर यादी लिहून दिली. खाली आकडा, ३८,५०० रुपये! गाडी बारा वर्षांची. विकायला काढली तर सव्वा लाखाच्या वर कुणी देणार नाही. आणि न दुरुस्त करावी, तर आईला नेणार कशातून?

माझा चेहरा बघून तो म्हणाला, “साहेबांना पाठवा ताई, त्यांना समजावतो.”

म्हटलं, “दादा, गाडी माझ्या नावावर आहे, पैसेही माझेच जाणार. मलाच समजवा.”

आणि खरं सांगते मैत्रिणींनो, समजायला ते फार अवघड नव्हतं. कुकरची रिंग आठवा. इंजिनाचं हेड म्हणजे झाकण आणि गॅस्केट म्हणजे रिंग. फक्त या रिंगेला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात. इंधनाचा जळता वायू, इंजिन गार ठेवणारं पाणी आणि ऑइल. ती जळली की हे सगळं एकमेकांत शिरू लागतं. गॅस्केट स्वतः तसं महाग नसतं. ते बदलायला अख्खं हेड उतरवावं लागतं, म्हणून मजुरी महाग.

आता माझा पहिला प्रश्न होता, “कशावरून?”

“पंधरा वर्षं हेच काम करतोय ताई!” तो जरा घुश्श्यातच म्हणाला. मग ऑइल भरायचं झाकण उघडून त्याखालचा साईसारखा पांढरट थर दाखवला. ऑइलमध्ये पाणी गेलं, हा त्याचा पुरावा.

माझ्या मावसभावाचं कोल्हापुरात स्पेअर पार्टचं दुकान आहे. तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, “तेवढ्यावर जाऊ नकोस. पावसाळ्यात गाडी जवळजवळच्या फेऱ्यांना वापरली तरी दमटपणामुळे झाकणाखाली तसा थर धरतो. कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांग. आणि आकडे स्वतः बघ.”

मिस्त्रीकडे कॉम्प्रेशन मोजायचं मीटर होतं. टेस्टचे वेगळे पैसे देते म्हटल्यावर त्याने चारही स्पार्क प्लग काढले. एकेका जागी मीटर लावून स्टार्टर मारला. पहिल्या सिलिंडरचा आकडा १६५, चौथ्याचा १६०. मधल्या दोघांचे मात्र ९५ आणि ९०! चारही आकडे जवळपास सारखे हवेत. शेजारशेजारचे दोन एकदम खाली आले, की त्या दोघांमधलं गॅस्केट फुटल्याची दाट शक्यता असते. मग प्लग परत बसवून, गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून गाडी सुरू केली, तर पाण्यात सारखे बुडबुडे. हातच्या काकणाला आरसा कशाला? मिस्त्रीचं निदान खरं होतं.

पण निदान खरं म्हणून यादीही खरी, असं थोडंच आहे? माझा दुसरा प्रश्न होता, “गॅस्केट गेलं का?”

“गाडी गरम झाली म्हणून.”

“मग गरम का झाली?”

या प्रश्नावर तो थांबला. रेडिएटरच्या फॅनला त्याने थेट बॅटरीवरून करंट दिला. फॅन हललासुद्धा नाही! मोटर जळली होती. सपाट रस्त्यावर गाडी पळताना समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो. घाटात गाडी हळू चालते, तेव्हा सगळी भिस्त फॅनवर. आणि यादीत फॅन नव्हताच. जुन्या फॅनवर नवं गॅस्केट बसवलं असतं, तर पुढच्याच घाटात तेही गेलं असतं.

तिसरा प्रश्न सोपा होता, “यातलं आत्ता काय हवंच आणि काय नंतर चालेल?” यादीत क्लच प्लेट होती, साडेसात हजारांची. का, तर “नाहीतरी इंजिन उघडतोच आहोत.” पण हेड असतं इंजिनाच्या डोक्यावर आणि क्लच असतो इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मध्ये. एकासाठी दुसरं उघडावं लागत नाही. माझा क्लच घसरतही नव्हता. ती ओळ कटाप! नवा रेडिएटर होता साडेसहा हजारांचा. पंपाने दाब देऊन बघितलं, कुठे गळती नव्हती. आतून साफ करून भागणार होतं. वॉटर पंप मात्र ठेवला, कारण त्याच्या बेअरिंगचा खुळखुळा त्याने मला हाताने हलवून दाखवला. फॅनच्या मोटरचे २,९०० वाढले. नवा हिशोब झाला २७,४०० रुपये. म्हणजे अकरा हजार शंभर वाचले. रक्कम थोडी नव्हतीच, पण प्रत्येक रुपया कशासाठी जातोय ते आता मला माहीत होतं.

मिस्त्री लबाड होता का? मला नाही वाटत. ‘सगळंच बदलून टाकू, म्हणजे गाडी परत यायला नको’ अशी बऱ्याच जणांची कामाची पद्धत असते. तो माणूस प्रामाणिक की लबाड, हे ओळखायची आपल्याला गरजच नाही. ‘दाखवा’ एवढंच म्हणायचं. ज्याला काम येतं, तो दाखवतो. जो दाखवायलाच तयार नाही, त्याच्याकडून गाडी उचलायची. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, तर पहिल्याने काय सांगितलं ते आधी बोलू नका. फक्त गाडीला काय होतंय तेवढं सांगा आणि त्याचं निदान ऐका. मात्र इंजिन गरम होत असेल किंवा ब्रेकची तक्रार असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टोचन लावा.

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लिहून घ्या. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी मांडायला सांगा. ‘यापेक्षा जास्त काही निघालं तर आधी फोन करा’ हेही त्यावर लिहा. काढलेले जुने पार्ट परत मागा. नवीन पार्टची खोकी बघा. आणि बिल घ्याच. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. त्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेवेत कसूर झाली, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण हे सगळं करायचं, तर हातात कागद हवा. तोंडी व्यवहाराला तिथे कोण विचारतो?

प्रश्न विचारले तर मिस्त्री नाराज होईल, उद्या अडीअडचणीला गाडी बघणार नाही, अशी भीती अनेकींना वाटते. लहान गावात ती खोटीही नाही. म्हणून आवाज चढवायचा नाही, चहा सांगायचा, टेस्टची मजुरी न कुरकुरता द्यायची आणि समोर उभं राहून बघायचं. आमचा मिस्त्री आता गाडी सर्व्हिसिंगला नेली की मला हाक मारून बोलावतो, “या ताई, हे बघून घ्या आधी.” साहेबांना पाठवा म्हणत नाही.