‘लेमॅन’ शब्दाची कुळकथा

‘लेमॅन’ या इंग्रजी जोडशब्दातील ‘मॅन’ उघड आहे. ‘ले’ मात्र दूरचा प्रवासी होय. ग्रीक भाषेत ‘लाओस’ म्हणजे लोक. त्यावरून ‘लाइकोस’, पुढे लॅटिन ‘लाइकुस’, मग जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. ख्रिस्ती परिभाषेत त्याचा अर्थ एवढाच, की जो धर्मोपदेशक नव्हे तो. परंतु मध्ययुगीन पश्चिम युरोपात लेखन-वाचन बहुतांशी धर्मोपदेशकांकडेच असल्याने ‘लाइकुस’ म्हणजे निरक्षर, असेही समीकरण रूढ झाले. गंमत अशी, की आपल्या कचेरीतला ‘क्लार्क’ हा शब्द धर्मोपदेशकवाचक ‘क्लेरिकुस’पासून निघाला आहे!

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनी वर्गात ‘लेमॅन’चा अर्थ ‘अडाणी’ असा सांगू नये. ज्या विषयाचे विशेष शिक्षण नाही, त्यापुरताच तो शब्द लागू पडतो. वैद्यकात वकील लेमॅन, तर कायद्यात डॉक्टर.